पूर्वेकडील देवांची ओळख : चिनी व अन्य पौर्वात्य पुराणकथा



मंदिराच्या आवारातील पिंपळाच्या पारावर भंगलेल्या मूर्ती व जीर्ण तसबिरी आणून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. काही काळापूर्वी तेथे एक वेगळीच मूर्ती आढळली. पोट सुटलेला, खांद्यावर झोळी घेतलेला, तोंडभर हसणारा एक संन्यासी. मूर्ती कोठेही भंगलेली नव्हती. चौकशीअंती समजले की, एका कुटुंबास ती वास्तुशांतीच्या वेळी आहेरात मिळाली होती. पुढे त्या घरात आजारपण आले आणि 'परका देव घरात ठेवल्यामुळेच हे घडले' असे कोणीतरी त्यांच्या मनात भरविले. विसर्जन करावे तर हा देव कोणता ते ठाऊक नाही, घरात ठेवावी तर भीती वाटते. अखेर त्यांनी ती मूर्ती रात्री पारावर आणून ठेवली.

मंडळाच्या बैठकीत या विषयावर बराच ऊहापोह झाला. 'या देवांशी आपला काडीचाही संबंध नाही' असे काही सभासदांचे मत पडले, तर 'चीन-जपानचे सारे देव मुळात आपलेच आहेत' असे काहींनी ठासून सांगितले. आमच्या मते ही दोन्ही विधाने अपुऱ्या माहितीतून आलेली आहेत. म्हणून पूर्वेकडील देशांच्या पुराणकथांचा अल्प परिचय भाविकांसमोर ठेवीत आहोत. त्या मूर्तीविषयी लेखात पुढे खुलासा केला आहे.

चिनी पुराणकथांचे स्वरूप

आपल्याकडे अठरा पुराणे आहेत, रामायण व महाभारत आहे. चीनमध्ये सर्व देवकथा एकत्र सांगणारा असा एखादा प्रमाणग्रंथ नाही. 'शान-हाय-जिंग' म्हणजे 'पर्वत व समुद्र यांचा ग्रंथ' यात अनेक प्राचीन कथांचे उल्लेख सापडतात; बाकीच्या कथा इतिहासग्रंथांत, काव्यांत व लोकपरंपरेत विखुरलेल्या आहेत. मूळच्या लोकदेवतांच्या जोडीला तेथे तीन प्रवाह नांदतात. कन्फ्यूशियसच्या शिकवणीतून आलेले सदाचार व पितृपूजन, ताओ पंथ, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास भारताकडून गेलेला बौद्ध धर्म. एकाच घरातील माणसे या तिन्ही ठिकाणी हात जोडतात. आपल्याकडेही एकाच देव्हाऱ्यात कुलदैवत, इष्टदैवत व सद्गुरूंची तसबीर असते, तेव्हा आपणांस यात नवल वाटू नये.

सृष्टी, महापूर आणि चंद्र

सृष्टीच्या उत्पत्तीची चिनी कथा पांगू नावाच्या आदिपुरुषाची आहे. आरंभी सर्व काही एका अंड्यात एकवटले होते. त्यात पांगू अठरा हजार वर्षे वाढला. हलके ते वर गेले व आकाश झाले, जड ते खाली बसले व पृथ्वी झाली. पांगूच्या मृत्यूनंतर त्याच्या श्वासाचा वारा, आवाजाची मेघगर्जना, डाव्या डोळ्याचा सूर्य, उजव्या डोळ्याचा चंद्र आणि रक्ताच्या नद्या झाल्या. हे वाचताच आपणांस पुरुषसूक्ताचे स्मरण होते. पांगूची कथा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात प्रथम लिहिली गेल्यामुळे तीवर भारतीय प्रभाव असावा असा काही अभ्यासकांचा तर्क आहे; परंतु तो तर्कच आहे. नुसत्या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

मनुष्याची निर्मिती नुवा या देवीने पिवळ्या मातीतून केली. पुढे आकाश फाटले तेव्हा पाच रंगांचे दगड वितळवून तिनेच ते सांधले.

महापुराची कथा आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. शतपथ ब्राह्मणात मनूला मासा सावध करतो, मनू नौका बांधतो व तरून जातो. चिनी कथेत नौका नाही. गुन नावाच्या अधिकाऱ्याने आपोआप वाढणारी दैवी माती स्वर्गातून चोरून आणली व बांध घालून पूर अडविण्याचा प्रयत्न केला. तो फसला. त्याचा पुत्र यू याने उलट मार्ग धरला. पाणी अडविण्याऐवजी त्याने पात्रे खोदली, वाटा मोकळ्या केल्या आणि पूर समुद्राकडे वळविला. या कामाला तेरा वर्षे लागली. त्या काळात तो तीन वेळा स्वतःच्या घरावरून गेला, परंतु एकदाही उंबरठा ओलांडून आत गेला नाही. गोदावरीचा पूर पाहिलेल्या आपल्या भागातील लोकांना या कथेचे मोल सांगावयास नको.

चंद्राविषयीची कथा छांग-अ या स्त्रीची आहे. आकाशात एकदम दहा सूर्य उगवले तेव्हा यी नावाच्या धनुर्धराने त्यांतील नऊ पाडले. त्याला मिळालेले अमरत्वाचे औषध त्याच्या पत्नीने, छांग-अ हिने प्राशन केले आणि ती चंद्रावर गेली. तेथे तिला एका सशाची सोबत आहे. आपणही चंद्रास 'शशांक' म्हणतो. मग हा ससा आपल्याकडून गेला काय? भारतातील शश-जातकाची कथा बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये पोहोचली हे खरे. परंतु मावांगतुई येथील इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील कबरीत सापडलेल्या रेशमी पटावर चंद्रकोर, बेडूक व ससा रंगविलेले आहेत. बौद्ध धर्म तेथे पोहोचण्याआधीचा हा पट आहे. दोन्ही देशांच्या लोकांनी त्याच चंद्राकडे पाहून तोच ससा स्वतंत्रपणे पाहिला असणे शक्य आहे. आजही चीनच्या चांद्रमोहिमांना छांग-अ हिचेच नाव दिले जाते. २०१९ मध्ये चंद्राच्या मागील बाजूस उतरलेल्या यानासोबतच्या गाडीचे नाव 'पाचूचा ससा' या अर्थाचे होते.

घरोघरीचे देव

चिनी देवलोकाची रचना राजदरबारासारखी आहे. सर्वांच्या वर पाचूचा सम्राट, खाली मंत्री, अधिकारी व लेखनिक. नागासारखे शरीर असलेला ड्रॅगन तेथे पाऊस देणारा शुभ प्राणी आहे. पुढे बौद्ध ग्रंथांतील नागराजांच्या प्रभावाने 'ड्रॅगनराज' ही जलदेवता रूढ झाली. प्रत्येक घरात चुलीचा देव असतो. वर्षअखेरीस तो स्वर्गात जाऊन त्या कुटुंबाच्या वागणुकीचा वृत्तान्त सादर करतो, म्हणून जाण्यापूर्वी त्याच्या ओठांना गोड पदार्थ लावतात. गावोगावी भूमीचा देव असतो. तो पदाने फार मोठा नसतो, परंतु त्या जागेचा रक्षणकर्ता असतो. आपल्या कोळसापट्ट्यात खाणीत उतरण्यापूर्वी कामगार मैसम्मेपुढे हात जोडतात. पायाखालच्या भूमीची परवानगी घेण्याचा तो भाव चिनी शेतकऱ्याच्या मनातही आहे.

थोर माणसास देवत्व देणे हा चिनी परंपरेचा आणखी एक विशेष. ग्वान यू हा तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला खराखुरा सेनापती. तांबडा चेहरा, लांब दाढी व हाती मोठे पाते असे त्याचे रूप असते. दिलेला शब्द त्याने मोडला नाही, म्हणून सैनिक व व्यापारी दोघेही त्याला भजतात. गावासाठी प्राण वेचलेल्यांच्या वीरगळांना आपल्याकडे शेंदूर लागतो, त्याच जातीची ही श्रद्धा होय.

महाराष्ट्राच्या लेण्यांतून चीनच्या घराघरांत

आता भारतातून गेलेल्या देवांकडे वळू. यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रवास महाराष्ट्राशी निगडित आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळील लेण्यांत सातव्या क्रमांकाचे लेणे आहे. त्याच्या दर्शनी भागात बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे भव्य शिल्प असून त्याच्या दोन्ही बाजूंस आठ प्रसंग कोरले आहेत. आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, हत्ती व मृत्यू या आठ भयांत सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. मुंबईतील कान्हेरी येथेही असे शिल्प आहे. त्याच लेण्यांत अकरा मस्तके असलेला अवलोकितेश्वरही आहे. सोपारा व कल्याणच्या बंदरांतून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांना बुडत्या जहाजातून तारणारा देव किती जवळचा वाटला असेल, याची कल्पना करावी.

हाच अवलोकितेश्वर 'सद्धर्मपुंडरीक' या ग्रंथातून चीनमध्ये गेला. इ.स. ४०६ मध्ये कुमारजीवाने त्या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. बोधिसत्त्वाचे नाव तेथे ग्वानयिन झाले. जगाचे आक्रोश ऐकणारा असा त्याचा अर्थ. आरंभी त्याचे रूप पुरुषाचेच होते. पुढे दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान ग्वानयिन स्त्रीरूपात पुजली जाऊ लागली. म्याओशान नावाच्या राजकन्येची कथा तिच्याशी जोडली गेली. विवाह नाकारल्यामुळे पित्याने तिला मृत्युदंड दिला. पुढे तोच पिता असाध्य रोगाने ग्रस्त झाला, तेव्हा तिने स्वतःचे डोळे व हात औषधासाठी दिले. ही कथा भारतात नाही. ती चीनच्या मातीत, मातापित्यांच्या सेवेला सर्वोच्च मानणाऱ्या समाजात जन्मली. मूर्ती आपल्याकडून गेली, परंतु तिला आई केले ते चिनी भाविकांनी.

याच संदर्भात ह्युएनत्संगाचे स्मरण करणे उचित ठरेल. हा चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतात आला व इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात होता. त्याने दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे वर्णन केले असून, येथील लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करीत नाहीत आणि शत्रूलाही आधी सूचना देऊन मगच हल्ला करतात असे लिहिले आहे. अजिंठ्याच्या लेण्यांचे व तेथील दगडी हत्तींचे वर्णनही त्याच्या ग्रंथात आढळते. इ.स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. सोळाव्या शतकातील 'पश्चिमेची यात्रा' या प्रसिद्ध चिनी कादंबरीचा नायक भिक्षू तोच. ती 'पश्चिम' म्हणजे आपला भारत. चिनी मुलांच्या कल्पनेत देवांचा व धर्मग्रंथांचा देश हा आपलाच देश आहे.

त्या कादंबरीत भिक्षूचा रक्षक म्हणून सुन वूकोंग नावाचा पराक्रमी वानर आहे. तो आकाशातून उड्डाण करतो, हवे तसे रूप घेतो, हाती लोहदंड बाळगतो. हा हनुमंतच होय असे हू श नावाच्या विद्वानाने सुचविले. लू श्युन या थोर लेखकाने मात्र त्याचे मूळ चिनी कथांतच शोधले. हा वाद अद्याप मिटलेला नाही. आपण एवढे लक्षात ठेवावे की सुन वूकोंग आधी स्वर्गात बंड करतो, त्याची शिक्षा भोगतो, मग सेवेस लागतो. मारुतिरायाची दास्यभक्ती आरंभापासूनची आहे. रूप जुळले तरी स्वभाव जुळत नाही.

नाव मात्र एका ठिकाणी निश्चित जुळते. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात बाळकृष्णाने उखळ ओढीत दोन अर्जुनवृक्ष पाडले व कुबेराच्या दोन पुत्रांना शापमुक्त केले. त्यांतील नलकूबर बौद्ध ग्रंथांतून चीनमध्ये पोहोचला, नाव आखूड होत होत 'नेझा' झाले, आणि तो तेथील अत्यंत लाडका बालवीर बनला. पित्याशी झालेल्या विरोधात तो आपला देह मातापित्यांना परत करतो व कमळातून पुन्हा जन्म घेतो. २०२५ मध्ये त्याच्यावरील चित्रपट जगात सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा अॅनिमेशनपट ठरला. तो पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना यमलार्जुनाची कथा ठाऊक असेल. आपले यमराजही तेथे 'यानलो' झाले. दहा न्यायालयांपैकी एकाचे ते अधिपती आहेत. अकराव्या शतकातील बाओ झेंग हा सचोटीचा न्यायाधीश दिवसा जिवंतांचा व रात्री यमाच्या आसनावर बसून मृतांचा न्याय करी, अशी लोकश्रद्धा आहे.

माझगावचे चिनी मंदिर

ग्वानयिनचा हा प्रवास पुन्हा मुंबईत येऊन पोहोचला आहे. डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ माझगाव येथे १९१९ साली उभारलेले 'सी यिप कून' हे चिनी मंदिर आहे. 'सी यिप' म्हणजे चीनच्या ग्वांगतुंग प्रांतातील 'चार तालुके'. तेथून मुंबईच्या गोदीत आलेल्या लोकांनी ते बांधले. वरच्या मजल्यावर ग्वान यूचे स्थान आहे व याच वास्तूत ग्वानयिनचीही पूजा होते. भाविक क्रमांकाच्या काड्यांनी कौल लावतात. १९६२ च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबे देश सोडून गेली. मागे राहिलेल्यांनी देवघर जपले. कान्हेरीच्या दगडातील अवलोकितेश्वर आणि माझगावची ग्वानयिन एकाच शहरात आहेत. एवढा मोठा प्रवास करून आलेली ही देवी आपल्या जन्मगावी परकी मानली जाते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

जपान व आग्नेय आशिया

जपानच्या मूळ कथा 'कोजिकी' (इ.स. ७१२) या ग्रंथात आहेत. सूर्यदेवी अमातेरासू रागावून गुहेत शिरली व जग अंधारले. तेव्हा देवांनी बाहेर नृत्य व हास्यविनोद करून तिला बाहेर आणले. ही कथा पूर्णपणे जपानची आहे. चीनमार्गे तेथे गेलेले भारतीय देवही अनेक आहेत. सरस्वती तेथे बेन्झाइतेन झाली. तिच्या हाती वीणेऐवजी बिवा नावाचे वाद्य आहे व तिची स्थाने बहुधा पाण्याकाठी असतात. आपला गणपती तेथे कांगितेन या नावाने पूजिला जातो, परंतु त्याची मूर्ती सहसा बंद पेटीत ठेवतात व तिचे दर्शन देत नाहीत. टोकियोच्या आसाकुसा भागातील मंदिरात त्याला मुळा वाहतात. वाजतगाजत गणपती आणणाऱ्या महाराष्ट्राला हे ऐकून आश्चर्य वाटेल.

जपानमधून उलट दिशेनेही येणे झाले. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला. तो मंत्र सद्धर्मपुंडरीकाला वंदन करणारा आहे, म्हणजे ज्या ग्रंथातून अवलोकितेश्वर चीनला गेला त्याच ग्रंथाला. बेल्लमपल्लीहून नागपूरकडे जाणारी गाडी बल्लारशाह, चंद्रपूर करीत सेवाग्रामवरूनच जाते.

आग्नेय आशियात रामकथा प्रत्येक देशाने आपापल्या परीने सांगितली. थायलंडच्या 'रामकियन'मध्ये हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्येशी त्याचा विवाह होतो. जावातील प्रांबानन (नववे शतक) येथील मंदिरांवर रामायण आणि कंबोडियातील अंकोरवाट (बारावे शतक) येथील भिंतींवर समुद्रमंथन कोरले आहे. भारतात ब्रह्मदेवाची मंदिरे विरळ आहेत. परंतु बँकॉकच्या गजबजलेल्या चौकात १९५६ साली स्थापिलेल्या चतुर्मुख ब्रह्मदेवापुढे आजही भाविकांची रीघ लागते.

ती मूर्ती कोणाची?

आता पारावरील मूर्तीविषयी. बाजारात तिला 'लाफिंग बुद्धा' म्हणतात, परंतु ती गौतम बुद्धांची नाही. ती बुदाई नावाच्या चिनी भिक्षूची आहे. 'बुदाई' म्हणजे कापडी झोळी. दहाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या झेजियांग प्रांतात हा भिक्षू होऊन गेला. भिक्षेत मिळेल ते झोळीत टाकावे व गावोगाव हिंडावे अशी त्याची वृत्ती. लोक त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानू लागले. पोटावर हात फिरविल्याने धन मिळते ही समजूत बाजारातील आहे. त्याने घरात आजार येतो ही समजूत तर तितकीही जुनी नाही.

जपानमध्ये हाच बुदाई 'होतेई' या नावाने सात भाग्यदेवतांत गणला जातो. नववर्षाच्या आरंभी या सातांचे एका नौकेत बसलेले चित्र उशाखाली ठेवण्याची प्रथा आहे. त्या नौकेत सरस्वती, कुबेर (बिशामोन) व महाकाल (दाइकोकु) हे तिघे भारतातून गेलेले. होतेई व आणखी दोघे चीनमधून आलेले. आणि एबिसु हा एकटा मूळचा जपानी. ही नौका नेमकी कोणाची असे जपानी भाविकाला कोणी विचारीत नाही.

समारोप

आपले देव परदेशी गेले ते अतिथी म्हणून. ज्या घरी गेले त्या घराने त्यांना नवे नाव, नवे वस्त्र, क्वचित नवे आईबाप दिले आणि कुटुंबात सामावून घेतले. म्हणून 'ते सारे आपलेच' असे म्हणून त्यांच्यावर हक्क सांगणे जसे अनुचित, तसेच त्यांना परके म्हणून घाबरणेही अनुचित होय. देवघरात कोणाची स्थापना करावी हे ज्या त्या घराने आपल्या कुलाचाराप्रमाणे ठरवावे. परंतु जी मूर्ती घरात आहे ती कोणाची, हे जाणून घ्यावे. घरातील आजारासाठी वैद्यकीय उपचार घ्यावेत. शेजाऱ्याच्या दुःखाचे खापर कोणत्याही देवाच्या माथी फोडून त्याचे भय वाढवू नये, ही सर्वांना नम्र विनंती.

ती मूर्ती पुसून स्वच्छ करून मंदिर कार्यालयातील कपाटावर ठेवली आहे. संबंधित कुटुंबाने ती केव्हाही घेऊन जावी. कोणीही कारण विचारणार नाही.



सचिव, विश्वस्त मंडळ
बेल्लमपल्ली (पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा, २०१६ पासून मंचिर्याल जिल्हा), तेलंगणा